चालत्या चेंडूवरचा जुगार

दिवाळीतल्या पाडव्याला बलिप्रतिपदा म्हणतात, तशीच द्यूतप्रतिपदाही म्हणतात, हे आज किती घरांत ठाऊक असेल कोण जाणे! या दिवशी शंकर-पार्वती सोंगट्या खेळले अशी कथा आहे, आणि त्या कथेचा आधार घेऊन वर्षातून एक दिवस फासा हाती धरण्याची मुभा आपल्या पूर्वजांनी ठेवली होती. एक दिवस! उरलेल्या दिवसांची व्यवस्था त्यांनी महाभारतावर सोपवली होती. धर्मराजाने काय काय पणाला लावले आणि कोणत्या क्रमाने लावले, हे ज्या घरात पोराबाळांना पाठ होते, त्या घरात जुगाराविरुद्ध निराळे व्याख्यान द्यावे लागत नसे.

आज ते द्यावे लागते आहे, कारण जुगाराने आपले नाव बदलले आहे. मटक्याच्या अड्ड्यावर जाणारा माणूस निदान तोंड लपवून जात असे. आपण करतो ते वाईट आहे एवढे त्याला कळत होते. आजचा जुगारी आपल्याच घरात, आईने आणून दिलेला चहा पीत, कानाला यंत्र लावून बसलेला असतो. त्याला विचारा, ‘काय चालले आहे?’ तो सांगेल, ‘स्ट्रॅटेजी.’ जुगार म्हटले तर त्याला राग येतो. या नव्या नावाबद्दलच मला आज बोलायचे आहे. आणि सण आहे म्हणून गोडच बोलेन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

मी ज्या प्रकाराबद्दल बोलतो आहे तो टेनिसच्या चालू सामन्यावरील सट्ट्याचा आहे. सामना सुरू होण्याआधी कोण जिंकेल यावर पैसे लावणे ही जुनी गोष्ट झाली. आता सामना चालू असताना, प्रत्येक गुणानंतर भाव बदलतो आणि बदललेल्या भावाने पुन्हा पैसे लावता येतात. हा सेट कोण घेईल, हा गेम कोण घेईल, इतकेच काय, पुढचा एक गुण कोण घेईल, यावरही. टेनिस या धंद्याला फार सोयीचे. जानेवारीत मेलबर्न, मे-जूनमध्ये पॅरिस, मग विम्बल्डन, मग न्यूयॉर्क ही तर मोठी जत्रा झाली. पण त्यांच्यामध्ये जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यात लहानसहान स्पर्धा बहुतेक वर्षभर चालूच असतात. आपल्याकडे रात्र असली तरी कुठेतरी दिवस असतोच. दोनच खेळाडू, बरोबरीत सुटण्याची भानगड नाही, आणि दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला काहीतरी निकाल लागतो. जुगाऱ्याला आणखी काय हवे?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला त्याची वही दाखवली होती. गणितात हुशार मुलगा. वही पाहून कोणत्याही शिक्षकाला आनंद व्हावा अशी: तारीख, खेळाडू, मैदान मातीचे की गवताचे, पहिल्या सर्व्हिसची टक्केवारी, लावलेला भाव, आलेला निकाल, सारे रकाने आखून, शाईने. ‘सर, हा जुगार नाही, अभ्यास आहे,’ तो म्हणाला. त्याच्या आईच्या पाटल्या तेव्हा बँकेत सोनेतारणात होत्या, हे मला मागाहून त्याच्या आईकडून कळले. त्या रकान्याला वहीत जागा नव्हती.

परंतु पाटल्या दाखवून वाद जिंकणे सोपे असते. हा मुलगा काय म्हणतो ते आधी नीट ऐकून घेतले पाहिजे. त्याचे म्हणणे असे: ‘सोंगट्या, मटका, लॉटरी हे नशिबाचे खेळ. टेनिस कौशल्याचा खेळ आहे. खेळाडूंचा अभ्यास करणाऱ्याला अडाण्यापेक्षा अधिक कळते. सामना चालू असताना लोक घाबरतात, हुरळतात, भाव वेडेवाकडे होतात. शांत डोक्याचा माणूस त्या क्षणी स्वस्तात घेतो आणि महाग झाल्यावर विकतो.’ हे ऐकायला इतके समंजस वाटते की पुष्कळ बापमंडळीही माना डोलावतात. म्हणून त्याच्याच पाटीवर, त्याच्याच गणिताने ते तपासून पाहू.

टेनिसची गुणपद्धती मोठी चमत्कारिक आहे. चार गुणांचा एक गेम, सहा गेमांचा एक सेट, आणि प्रत्येक पायरीवर दोनाचा फरक हवा. त्यामुळे लहानशी सरशी वर जाता जाता मोठी होते. समजा, एखादा खेळाडू आपल्या सर्व्हिसवर शंभरांतील ६५ गुण जिंकतो. तर तो शंभरांतील सुमारे ८३ गेम जिंकेल. रॉजर फेडररने २०२४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात सांगितले की, आपण कारकिर्दीतील १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण गुण मात्र ५४ टक्केच जिंकले. जगातल्या एका थोर खेळाडूची सारी थोरवी त्या वरच्या चार टक्क्यांत होती!

आणि याच पद्धतीमुळे उलटेही घडते. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवस, ११ तास ५ मिनिटे चालला. माहूने ५०२ गुण जिंकले, इस्नरने ४७८. सामना इस्नरने जिंकला. २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण घेतले, जोकोविचने २०४. फेडररला स्वतःच्या सर्व्हिसवर विजेतेपदाचे दोन गुण मिळाले होते आणि करंडक जोकोविचने नेला. २०२५ च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात सिनरला विजेतेपदाचे तीन गुण लागोपाठ मिळाले. ते अल्काराझने वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी तोच जिंकला. गुण मोजले तर सिनरचे १९३ आणि अल्काराझचे १९२. पाहणाऱ्याला यासारखे सुख नाही. परंतु ज्याने पैसे लावले आहेत त्याला हे हेलकावे म्हणजे संधी वाटतात, आणि तिथेच त्याचा घात आहे.

त्यांची पहिली युक्ती ‘जवळजवळ जिंकलेल्यावर लावा’ ही. खेळाडू विजयापासून दोन पावलांवर आहे, भाव १.०५ आहे. शंभर लावले की पाच रुपये सुटतात. ‘पाच तर पाच, पण खात्रीचे!’ आता हिशेब करा. वीस वेळा जिंकून शंभर रुपये जमतात आणि एकविसाव्या वेळी एकदाच हरले की ते सारे जातात. म्हणजे नफा हवा असेल तर एकविसांत एकापेक्षाही कमी वेळा हरले पाहिजे. जिथे फेडररच्या हातून दोन आणि सिनरच्या हातून तीन विजयगुण निसटतात, तिथे ही खात्री कोणी कोणाला द्यायची?

दुसरी युक्ती अधिक हुशारीची. ‘बलवान खेळाडूने पहिला सेट गमावला की लोक घाबरतात, तेव्हा तो स्वस्तात मिळतो, तेव्हा त्याच्यावर लावा.’ समजा हा बलवान खेळाडू दहांतील सात सेट जिंकतो. तीन सेटांच्या सामन्यात सुरुवातीला त्याच्या विजयाची शक्यता शंभरांत ७८ असते. पहिला सेट गेल्यावर त्याला उरलेले दोन्ही जिंकावे लागतात; म्हणजे सात दशांश गुणिले सात दशांश, शंभरांत ४९. भाव वाढला तो कोणी घाबरले म्हणून वाढला नाही; जिंकण्याची शक्यता तेवढी उतरली म्हणून वाढला. बाजारात संध्याकाळी कोमेजलेली मेथी अर्ध्या किमतीत मिळते, तिला कोणी ‘स्वस्त’ म्हणत नाही. हे दोन ओळींचे गणित आमच्या शाळेतील दहावीचे पोर करील. मग ते बुकीच्या यंत्राला येत नसेल काय?

तिसरी युक्ती ‘लयी’ची. ‘त्याची लय बिघडली आहे, आता तो सावरत नाही,’ किंवा ‘आता त्याला सूर सापडला आहे, आता तो थांबत नाही.’ क्लासेन आणि माग्नुस या दोन डच अर्थमितितज्ज्ञांनी विम्बल्डनच्या जवळजवळ ९० हजार गुणांचा अभ्यास करून २००१ साली निबंध प्रसिद्ध केला. मागचा गुण जिंकल्यामुळे पुढचा जिंकण्याची शक्यता वाढते का, हा त्यांचा प्रश्न. उत्तर आले: किंचित; आणि खेळाडू जितका श्रेष्ठ तितका हा परिणाम कमी. म्हणजे लय अगदीच खोटी नाही. पण डोळ्यांना ती जेवढी दिसते तेवढी ती नसते. मनुष्य तीन ढग पाहतो आणि त्यांतून हत्ती काढतो. हत्ती पाहण्याला माझी हरकत नाही. त्याच्यावर अंबारी बांधून घरातली माणसे बसवू नयेत, एवढेच.

राहिली दामदुपटीची आणि दोन्हीकडे बांधण्याची युक्ती. हरलो की पुढच्या खेपेला दुप्पट लावायचे. कधीतरी जिंकूच आणि सारे भरून निघेल. शंभरापासून आरंभ करून सात वेळा लागोपाठ हरले तर १२,७०० रुपये गेलेले असतात, आणि आठव्या वेळी १२,८०० काढावे लागतात. कशासाठी, तर शेवटी शंभर रुपये मिळावेत म्हणून! दुसऱ्या प्रकाराला सट्टेवाल्यांच्या बोलीत लगाई-खाई म्हणतात. एका भावाने लावायचे, भाव फिरला की उलट बाजूने खायचे आणि मधला फरक घेऊन बाहेर पडायचे. भाव आपल्या बाजूने फिरला तर हे जमते. तो उलट फिरला तर काय, हे विचारले की ‘तोटा मर्यादित ठेवायचा’ असे शांतपणे सांगण्यात येते. म्हणजे हरायचेच, पण जरा बेताने. आणि दोन्ही वेळा गल्ल्यावरच्या माणसाची कटोती आहेच.

ही कटोती म्हणजे साऱ्या धंद्याचे मर्म आहे. दोन्ही खेळाडू अगदी तोडीस तोड असतील तर खरा भाव एकास दोन हवा. बुकी दोघांचाही १.९० देतो. दोन बाजूंनी शंभर-शंभर आले, दोनशे झाले, जिंकणाऱ्याला १९० गेले, दहा राहिले. म्हणजे शेकडा पाच. पाच टक्के ऐकायला काय आहे? पण तेच पैसे पुन्हा लावले की पुन्हा पाच टक्के. हजार रुपये असे फिरवत राहिले तर सरासरीने चौदाव्या खेपेला त्यांचे पाचशेहून कमी उरतात. जुन्या पैजेत सामन्याला एक खेप होती. चालू सामन्याच्या सट्ट्यात एका संध्याकाळी चौदा खेपा सहज होतात. पूर्वीचा सावकार वर्षाचे व्याज घेत होता, हा दर गेमला घेतो. या सट्ट्याला एवढी झिलई का दिली जाते, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

बरे, हे सारे आपल्या अभ्यासू मुलाने ओलांडले असे समजू. आपल्याला इतके कळते की पाच टक्केही आपण पचवू, असे तो म्हणतो. तरी त्याच्यापुढे आणखी एक भिंत उभी आहे, आणि ती काळाची आहे. सामन्यातील पंच प्रत्येक गुण आपल्या हातातल्या यंत्रात नोंदवतो. तो आकडेवारी विकणाऱ्या कंपनीकडून बुकीकडे क्षणात पोहोचतो. सांगलीत किंवा नांदेडमध्ये फोनवर दिसणारे चित्र त्याच्या काही सेकंद मागे असते. मुलगा श्वास रोखून ज्या चेंडूकडे पाहतो आहे, तो चेंडू केव्हाच जाळ्यात अडकलेला असतो! परीक्षेच्या निकालाचा कागद ज्याच्या खिशात आहे, त्याच्याशी निकालावर पैज लावावी, तशातला हा प्रकार. या काही सेकंदांची किंमत किती आहे ते पाहा. २०१४ साली मेलबर्नच्या स्पर्धेत एका इंग्रज तरुणाला पोलिसांनी पकडले. कपड्यांत दडवलेल्या उपकरणाने तो मैदानावरून प्रत्येक गुणाची खबर बाहेर धाडत होता. पुढे खटला मागे घेण्यात आला. पण मैदानावर बसून तेवढ्या सेकंदांसाठी पगारी माणसे ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, हे जगाला कळले. २०१६ साली याहूनही वाईट बातमी आली: लहान स्पर्धांतील काही पंच मुद्दाम उशिरा गुण नोंदवत, म्हणजे त्यांच्या साथीदारांना निकाल ठाऊक असताना जुन्या भावाने पैसे लावता यावेत. अशा बाजारात आपला मुलगा आखलेली वही घेऊन उभा आहे.

येथे कोणी पुराण जाणणारा मला अडवील. ‘नलाला ऋतुपर्णाने अक्षहृदय शिकवले आणि मग त्याने पुष्कराकडून राज्य परत जिंकले. विद्येने जुगार जिंकता येतो, असे महाभारतच सांगते!’ सांगते खरे. पण ती कथा पुरती वाचा. नल एकच डाव खेळला आणि थांबला. पुष्कर प्रत्येक फेकीमागे शेकडा पाच कापून घेत नव्हता. आणि नल जिंकतो असे दिसताच ‘तुमचे खाते बंद’ असे पुष्कराने म्हटले नाही. आजचे बुकी नेमके तेच करतात. सातत्याने जिंकणाऱ्याची मर्यादा शंभर-दोनशे रुपयांवर आणून ठेवतात, हरणाऱ्याला मात्र सणासुदीला बक्षिसाचे आमंत्रण देतात. जिंकणारे नाहीतच असे मी म्हणत नाही. मोठे भांडवल, वेगवान यंत्रे, पगारी गणिती बाळगणारे काही गट जिंकतात. त्यांचा नफा येतो कुठून? टेनिसचा चेंडू काही धान्य पिकवत नाही, कापड विणत नाही. एकाच्या खिशातून निघाले तेच दुसऱ्याच्या खिशात, मधली दलाली वजा जाता.

आणि या विद्येचे गुरू? फोनवर ‘आजची पक्की टीप’ देणारे, पन्नास-पन्नास हजार शिष्य जमवणारे? त्यांतल्या पुष्कळांची दक्षिणा शिष्याने बुकीकडे खाते उघडले की मिळते, आणि कित्येक ठिकाणी ती शिष्याच्या नुकसानीचा ठरावीक हिस्सा असते. शिष्य जितका बुडेल तितका गुरू तरेल! अशा गुरुकुलाचे वर्णन करायला आमच्या पुराणिकांनाही शब्द सापडले नसते.

आतापर्यंत मी फक्त लावणाऱ्याच्या खिशाबद्दल बोललो. पण खेळणाऱ्याचे काय? टेनिस म्हटले की आपल्याला विम्बल्डनचे हिरवे गवत आठवते. त्या गवताखाली मोठे दारिद्र्य आहे. टेनिसमधील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१८ साली अहवाल दिला. व्यावसायिक म्हणवणारे खेळाडू सुमारे पंधरा हजार. त्यांपैकी, प्रशिक्षकाचा खर्च न धरताही, ज्यांचे उत्पन्न खर्चाला पुरते असे अडीचशे ते साडेतीनशे. भारताचा अव्वल एकेरी खेळाडू सुमित नागल याने २०२३ साली सांगितले की वर्षाच्या आरंभी आपल्या खात्यात ९०० युरो होते. त्याने ईमान राखून खेळ केला आणि पुढे पहिल्या शंभरांत गेला; पण अव्वल खेळाडूची ही कथा, तर पाचशेव्या, आठशेव्या क्रमांकाच्या पोराची काय असेल? आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नेमक्या या तळाच्या स्पर्धांचे चालू गुण सट्ट्यासाठी विकायला काढले. ज्या मैदानावर चार प्रेक्षक नाहीत, तेथील प्रत्येक गुणावर जगभरातून पैसे लागू लागले. त्याच समितीने तीन हजारांहून अधिक खेळाडूंना विचारले. सातांत एकाने सामने ठरवून खेळल्याची आपल्याला प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. तळाच्या स्पर्धांचे गुण विकणे बंद करा, अशी शिफारस समितीला करावी लागली.

चालू सामन्याच्या सट्ट्याने भ्रष्टाचार सोपा केला, ही गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी खेळाडूला आख्खा सामना विकावा लागे. त्यात नाव जाई. आता एक सेट विकला तरी चालतो, एक गेम विकला तरी चालतो. उरलेला सामना प्रामाणिकपणे जिंकून घरी जाता येते. बेल्जियमच्या न्यायालयाने २०२३ साली अशा एका टोळीच्या म्होरक्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. तपासात त्याच्या जाळ्यात १८० हून अधिक खेळाडू आढळले. त्यांतले बहुतेक कोण, तर विमानाच्या तिकिटाला आणि खोलीच्या भाड्याला महाग झालेली पोरे. आपला अभ्यासू मुलगा त्यांच्या सर्व्हिसची टक्केवारी वहीत लिहीत होता!

आणि जे विकले जात नाहीत त्यांना शिव्या. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे की, २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना सुमारे आठ हजार शिवीगाळीचे आणि धमक्यांचे संदेश आले. त्यांतील ४० टक्के पैजा हरलेल्या जुगाऱ्यांचे होते. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी एक सामना हरते आणि खोलीवर येऊन फोन उघडते, तर कोणी तिच्या आईच्या मरणाची कामना केलेली असते. ती धमकी देणारा दूर कुठला गुंड असेल असे आपण समजतो. तो चहा पीत बसलेल्या कोणाचा तरी सोन्यासारखा मुलगा असतो.

आता आक्षेप. पहिला: ‘मग शेअरबाजार काय निराळा?’ शेअर म्हणजे चालत्या गिरणीतला वाटा. गिरणी सूत काढते, त्यातून लाभांश येतो. पण बाजारातील वायदे आणि ऑप्शन यांत रोज उलाढाल करणाऱ्यांबद्दल विचाराल तर फारसा निराळा नाही, हे मी मान्य करतो. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यांतील ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि तो एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या दाखल्याने टेनिसचा सट्टा निर्दोष ठरत नाही. दोष दोन ठिकाणी आहे एवढेच ठरते.

दुसरा आक्षेप: ‘सरकार स्वतः लॉटरी काढते, महालक्ष्मीला घोडे पळतात, पणजीत मांडवीवर जुगाराची जहाजे उभी आहेत, मग आम्हालाच उपदेश का?’ या ढोंगाबद्दल सरकारला जाब विचारा; मी तुमच्याबरोबर येईन. परंतु लॉटरीचे तिकीट घेतल्यावर सोडतीपर्यंत वाट पाहावी लागते. दोन शर्यतींमध्ये अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात मनुष्य घराची आठवण काढू शकतो. चालू सामन्याच्या सट्ट्यात ती फुरसतच काढून घेतली आहे.

तिसरा: ‘पैसा माझा, मी उडवीन.’ ज्याला मागे-पुढे कोणी नाही त्याने खुशाल उडवावा. पण आपल्या घरांत पैसा एकट्याचा कधी असतो? धाकट्या बहिणीची फी, वडिलांच्या औषधाची बाटली, आईच्या पाटल्या, या साऱ्यांना मिळून आपण ‘माझा पैसा’ म्हणतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यातल्या जुगाऱ्याला त्याचे आईबाप ओळख देत नाहीत, त्याची बायको दुरावते, आणि शेवटी त्याला फासे टाकून शेत कसण्याचा उपदेश मिळतो. फासा बदलला, घर तेच आहे.

चौथा: ‘बंदी घातली की चोरून चालते, त्यापेक्षा इंग्लंडसारखे कायदेशीर करा.’ इंग्लंडने केले. आणि मग त्याच इंग्लंडला एप्रिल २०२० पासून उधारीच्या कार्डावर जुगार खेळण्यास बंदी घालावी लागली, कारण लोक कर्ज काढून खेळत होते. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. ही दिशा योग्य आहे. मुलाला तुरुंगात घालून मुलगा परत मिळत नाही. पण परदेशात बसलेल्या बुकीपर्यंत आपल्या हवालदाराचा हात पोहोचत नाही, एक दार बंद केले की दुसऱ्या नावाने दुसरे उघडते, हेही खरे. तेव्हा कायद्याने आपले काम केले म्हणून घराचे काम संपत नाही.

ते काम अवघड नाही, फक्त संकोच सोडावा लागतो. मुलगा रात्री दोन वाजता कुठल्याशा गावचा, कुठल्याशा आठशेव्या क्रमांकाचा सामना डोळे ताणून पाहत असेल, तर त्याला टेनिसचा नाद लागला आहे असे समजून कौतुक करू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘बाळ, किती लावले आहेस?’ तो चिडेल. चिडू द्या. मग त्याच्या वहीत आणखी दोन रकाने आखा: घरातून किती गेले, आणि घरात किती आले. बेरीज त्यालाच करू द्या. हुशार मुलांना उपदेश पटत नाही, बेरीज पटते. कर्ज झाले असेल तर ओरडण्याआधी ते किती आहे ते पुरते काढून घ्या. कारण लपवलेले कर्ज फेडण्यासाठीच पुढचा डाव लागतो.

टेनिसच्या नियमांत दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद दिलेले आहेत. थकलेल्या खेळाडूने श्वास घ्यावा, घाम पुसावा, हरलेला गुण विसरून पुढच्याला सामोरे जावे, यासाठी ती सवलत आहे. बुकींनी त्या २५ सेकंदांत आपले दुकान मांडले आहे. माणसाच्या उसंतीवर चालणारा हा धंदा आपल्या पोरांना ‘अभ्यास’ म्हणून विकला जात असताना, ज्यांनी आयुष्यभर पोरांकडून खरा अभ्यास करून घेतला त्या आईबापांनी आणि शिक्षकांनी गप्प बसावे, हे मला तरी पटत नाही. या सुट्टीत मुलांबरोबर एखादा सामना जरूर पाहा. कोण जिंकेल यावर घरात हवा तेवढा वाद घाला, हरणाऱ्याने सगळ्यांना चहा करून द्यावा असेही ठरवा. त्यापलीकडे एक पैसाही त्या चेंडूवर लागता कामा नये.